गेमिंग कन्सोल की संगणक? किंमत एकदाची, हिशेब पाच वर्षांचा

गाझियाबाद – मुलांच्या आग्रहामुळे घरात खेळाचे यंत्र आणायचे ठरले, तर दूरचित्रवाणी संचाला जोडायचा गेमिंग कन्सोल घ्यावा, की तेच खेळ चालवू शकणारा शक्तिशाली संगणक जुळवून घ्यावा, हा प्रश्न महानगरांच्या परिघावरील मध्यमवर्गीय कुटुंबांपुढे आता वारंवार उभा राहतो. दोन्ही पर्यायांसाठी लागणारी रक्कम पन्नास हजार रुपयांच्या घरात किंवा तिच्याही पुढे जाते. त्यामुळे ही खरेदी खेळण्यांच्या सदरात मोडत नाही. अनेक घरांत ती महिनाभराच्या कमाईएवढी असते आणि बहुधा हप्त्यांवर केली जाते.

दिल्लीच्या पूर्व सीमेला लागून असलेले गाझियाबाद हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण ठरावे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराच्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १६ लाखांहून अधिक होती. इंदिरापुरम, वैशाली, राजनगर एक्स्टेन्शन अशा वसाहतींमध्ये नोकरदार कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. वैशालीहून मेट्रोच्या ब्लू लाइनने मंडी हाऊस आणि तेथून व्हायोलेट लाइनने नेहरू प्लेस, असा देशातील एका प्रमुख संगणक बाजारापर्यंतचा सरळ मार्ग त्यांना उपलब्ध आहे. पर्याय भरपूर आहेत. निर्णय मात्र बहुतेक वेळा दुकानातील किमतीची चिठ्ठी पाहूनच घेतला जातो. ही चिठ्ठी अर्धीच गोष्ट सांगते.

जुने होऊनही महागलेले यंत्र

कन्सोलच्या बाबतीत पूर्वी एक नियम ठरलेला होता : थोडी वाट पाहिली की यंत्र स्वस्त होते. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन-२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आले आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागले. २००६ मध्ये ५९९ डॉलरपर्यंत किंमत असलेले प्लेस्टेशन-३ तीन वर्षांत २९९ डॉलरवर उतरले. भारतात हेच यंत्र एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना दाखल झाले होते.

सध्याच्या पिढीने हा नियम मोडीत काढला आहे. प्लेस्टेशन-५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले तेव्हा त्याच्या डिस्कच्या आवृत्तीची किंमत ४९,९९० रुपये, तर डिस्कविना चालणाऱ्या डिजिटल आवृत्तीची किंमत ३९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये या किमती अनुक्रमे ५४,९९० आणि ४४,९९० रुपये झाल्या. अमेरिकेतही २०२० साली ४९९ डॉलरला आलेले यंत्र ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ डॉलरवर गेले. चलनवाढ, सुट्या भागांचे चढे दर आणि विनिमय दरातील चढउतार यांचा हा परिणाम आहे. डॉलरचा दर २०२१ च्या प्रारंभी ७३ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० रुपयांच्या पलीकडे गेला. त्यामुळे 'थांबा, स्वस्त होईल' हा जुना सल्ला आज लागू पडत नाही.

तरीही तेवढ्याच क्षमतेच्या संगणकाच्या तुलनेत कन्सोल स्वस्तच दिसतो. त्याचे कारण व्यवसायाच्या पद्धतीत आहे. कन्सोलनिर्माते यंत्रावर अत्यल्प नफा घेतात, प्रसंगी तोटाही सोसतात. पाचशे डॉलरचे प्लेस्टेशन-५ आता तोट्यात विकले जात नाही, असे सोनीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे विक्री सुरू झाल्यानंतर नऊ महिन्यांनी स्पष्ट केले होते. खरी मिळकत खेळांच्या विक्रीतून आणि वार्षिक वर्गणीतून होते. थोडक्यात, यंत्रावर मिळालेली सवलत ग्राहक पुढे कित्येक वर्षे फेडत राहतो.

करांच्या दृष्टीने खेळणे आणि अवजार

किमतीतील तफावतीचा दुसरा भाग कररचनेत दडलेला आहे. वस्तू आणि सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला तेव्हा व्हिडिओ गेम कन्सोलवर २८ टक्के कर होता. जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०१८ मधील बैठकीत तो १८ टक्के करण्यात आला आणि १ जानेवारी २०१९ पासून कन्सोल व संगणक या बाबतीत एका पातळीवर आले.

सीमाशुल्काच्या बाबतीत मात्र हा भेद कायम राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराशी भारत १९९७ पासून बांधील असल्याने संगणक, प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यावर मूळ सीमाशुल्क लागत नाही. याउलट कन्सोलवरील सीमाशुल्क २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात १० वरून २० टक्के करण्यात आले आणि त्यावर समाजकल्याण अधिभारही लागू झाला.

उदाहरणार्थ, बंदरावर १०० रुपये मूल्य असलेला कन्सोल या दराने सीमाशुल्क आणि अधिभार मिळून १२२ रुपयांचा होतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरता सुमारे १४४ रुपयांना पडतो. त्याच मूल्याचे ग्राफिक्स कार्ड ११८ रुपयांना पडते. कायद्याच्या दृष्टीने एक खेळणे आहे आणि दुसरे कामाचे अवजार. प्रत्यक्षात गेमिंग संगणकही प्रामुख्याने खेळण्यासाठीच घेतला जातो आणि दोन्ही यंत्रांचा गाभा जवळपास एकच असतो. प्लेस्टेशन-५ मध्येही संगणकाप्रमाणेच एएमडी कंपनीचा आठ गाभ्यांचा प्रोसेसर आहे.

संगणकाची वाटही निर्वेध नाही. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या उत्खननासाठी ग्राफिक्स कार्डांना प्रचंड मागणी आली आणि सामान्य ग्राहकाला ती मूळ किमतीत मिळेनाशी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलल्यावर हा ताण ओसरला. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांमुळे मेमरी महाग झाली आहे. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' या नावाने चालणाऱ्या ग्राहकोपयोगी मेमरीच्या व्यवसायातून बाहेर पडण्याची घोषणा केली, ही बाब पुरेशी सूचक आहे.

पाच वर्षांचा ताळेबंद

हे सर्व लक्षात घेऊन एका कुटुंबाचा पाच वर्षांचा अंदाज मांडता येईल. रोज दोन तास खेळ, वर्षाला दोन नवे खेळ आणि विजेचा दर प्रतियुनिट साडेसहा रुपये, असे गृहीत धरू.

कन्सोलसाठी ५४,९९० रुपये; इतरांबरोबर ऑनलाइन खेळण्यासाठी लागणारी प्राथमिक वर्गणी सप्टेंबर २०२३ च्या ३,९४९ रुपये वार्षिक दराने पाच वर्षांत १९,७४५ रुपये; ४,९९९ रुपयांचे दहा खेळ म्हणजे ४९,९९० रुपये. यंत्र सुमारे २०० वॅट वीज घेते असे मानल्यास वर्षाला १४६ युनिट, म्हणजे पाच वर्षांत साधारण ४,७४५ रुपये. एकूण खर्च १ लाख २९ हजार ४७० रुपये. दूरचित्रवाणी संच घरात असल्याचे यात गृहीत आहे.

संगणकासाठी ८० हजार रुपये आणि पडदा, कळफलक आदींसाठी १५ हजार रुपये धरू. ऑनलाइन खेळण्यासाठी बहुतेक खेळांना वेगळी वर्गणी लागत नाही. स्टीमसारख्या डिजिटल दुकानांतील सवलतीच्या हंगामापर्यंत थांबण्याची तयारी असेल, तर दहा खेळ सरासरी अडीच हजारांनी २५ हजारांत येतात. सुमारे ४०० वॅट वीजवापराने ९,४९० रुपये, यूपीएस आणि किरकोळ दुरुस्तीसाठी १० हजार. एकूण १ लाख ३९ हजार ४९० रुपये. म्हणजे दुकानातील चाळीस हजारांचे अंतर पाच वर्षांच्या अखेरीस दहा हजारांवर येते.

येथे दोन गोष्टी पारडे फिरवू शकतात. पहिली गोष्ट डिस्कची. खेळून झालेली डिस्क विकता येते. दहाही डिस्क निम्म्या किमतीत विकल्या गेल्या तर कन्सोलचा खर्च १ लाख ४ हजारांच्या आसपास उतरतो. डिजिटल आवृत्ती घेणाऱ्याला ही सोय नाही. सुरुवातीला वाचलेले दहा हजार रुपये अशा चार डिस्कच्या पुनर्विक्रीतच भरून निघतात, हे त्याने ध्यानात घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घरात अभ्यासासाठी संगणकच नसेल आणि कन्सोलबरोबर ४० हजारांचा लॅपटॉप घ्यावा लागणार असेल, तर कन्सोलचा मार्ग १ लाख ६९ हजारांवर जातो. डिस्क विकूनही १ लाख ४४ हजारांच्या खाली येत नाही. मेमरीच्या दरवाढीने संगणक आणखी १५ हजारांनी महागला, तर मात्र डिस्क विकणाऱ्या ग्राहकासाठी कन्सोल आणि लॅपटॉपची जोडीच पुन्हा किफायतशीर ठरते.

धूळ, वीज आणि बंद शाळा

या आकड्यांना स्थानिक परिस्थितीची जोड द्यावी लागते. स्वित्झर्लंडमधील आयक्यूएअर या संस्थेने २०१९ च्या आपल्या जागतिक अहवालात गाझियाबादला जगातील सर्वाधिक प्रदूषित शहर ठरवले होते. हवेतील सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी तेव्हा प्रति घनमीटर ११०.२ मायक्रोग्रॅम होती. धुळीची हवा आणि मे-जूनचा उन्हाळा पंख्याने थंड होणाऱ्या कोणत्याही यंत्राला मानवत नाही. संगणक उघडून स्वच्छ करता येतो, पंखा किंवा अन्य भाग सुटा बदलता येतो. कन्सोलच्या दुरुस्तीसाठी बहुधा सेवा केंद्राकडे जावे लागते. वीज गेल्यावर चित्र उलटे होते. निम्म्या विजेवर चालणारा कन्सोल लहान इन्व्हर्टरवर अधिक काळ तग धरतो, आणि गृहसंकुलाच्या जनरेटरची महाग वीज वापरताना हा फरक बिलात जाणवतो.

त्याहून मोठा मुद्दा शिक्षणाचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषणाने गंभीर पातळी ओलांडल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या १८ नोव्हेंबरच्या निर्देशांनुसार राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात बारावीपर्यंतचे प्रत्यक्ष वर्ग थांबवून ऑनलाइन अध्यापन करण्याची वेळ आली. गाझियाबादही त्याला अपवाद नव्हते. अशा दिवसांत घरातील संगणक वर्गखोलीचे काम करतो. कन्सोल ते करू शकत नाही.

तथापि, येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अभ्यासाचे कारण पुढे करून लाखभराचा गेमिंग संगणक घेण्याचा मोह अनेक घरांत दिसतो. ऑनलाइन वर्ग, निबंधलेखन किंवा प्राथमिक प्रोग्रामिंग यांसाठी साधा लॅपटॉप पुरेसा असतो. महागडे ग्राफिक्स कार्ड खऱ्या अर्थाने कामाला येते ते चित्रफीत संपादन, त्रिमितीय रेखाटन किंवा खेळांची निर्मिती शिकताना. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तयार केलेला 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ २०२० मध्ये कन्सोल आणि संगणक या दोहोंवर प्रसिद्ध झाला, पण तो घडवला गेला संगणकावरच. मुंबईत २०२५ मध्ये सुरू झालेली भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था याच क्षेत्रासाठी मनुष्यबळ घडवण्याच्या उद्देशाने उभी राहिली आहे. मुलाचा कल या दिशेने असेल, तर संगणकावरील अतिरिक्त खर्च ही गुंतवणूक म्हणता येईल. नसेल, तर तो हौसेचाच खर्च असतो, आणि तसा तो प्रांजळपणे मान्य करण्यात काही गैर नाही.

टिकाऊपणाच्या बाबतीत दोन्ही यंत्रे आपापल्या परीने उजवी आहेत. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन-४ साठी २०२२ च्या नोव्हेंबरमध्येही 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' सारखा मोठा खेळ प्रसिद्ध झाला. एकही भाग न बदलता नऊ वर्षे चालणारा गेमिंग संगणक विरळाच. दुसरीकडे, संगणकाचे जुने खेळ यंत्र बदलल्यावरही सहसा सोबत राहतात आणि सर्व भाग एकाच वेळी बदलावे लागत नाहीत.

निर्णय कशावर घ्यावा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे निखळ खेळ आणि जुगार यांतील सीमारेषा कायद्याने आखली आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मात्र कन्सोल अजून करमणुकीच्या वस्तूंतच गणला जातो. एकाच कारखानदारीतून येणाऱ्या दोन यंत्रांना दोन न्याय लावल्याने सरकारी तिजोरीत किती भर पडते आणि ग्राहकाची निवड किती बदलते, याचा फेरविचार व्हायला हवा. कन्सोलचे उत्पादन देशात नगण्य असताना वाढीव शुल्काने नेमके कोणाचे संरक्षण होते, हाही प्रश्न उरतोच.

तोपर्यंत गाझियाबादच्या, तसेच ठाणे, पुणे किंवा नागपूरच्या कुटुंबासाठीही प्रश्नाचा क्रम उलटा असायला हवा. कोणते यंत्र स्वस्त आहे, हे विचारण्याआधी घरात काय आहे, हे पाहावे. चांगला दूरचित्रवाणी संच आणि अभ्यासाचा संगणक दोन्ही असतील, तर डिस्कचा कन्सोल कमी खर्चात अधिक आनंद देईल. संगणकच नसेल, तर त्या दिवसाचा मेमरीचा दर पाहून आधी संगणकाचा विचार करावा. ग्राफिक्स कार्ड सवडीने पुढच्या वर्षीही बसवता येते. अभ्यासाची गरज आधी भागवावी आणि खेळासाठी उरलेल्या रकमेत बसेल तेच यंत्र घ्यावे, हा साधा क्रम पाळला तर हप्ते फिटेपर्यंत पश्चात्तापाची वेळ येणार नाही.