विणकराला तासिका तत्त्वावर घ्या

सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडे विणलेल्या चादरीवर ‘सोलापुरी’ छापून विकायला त्यामुळे बंदी आली. विकणारे अजून विकतात, तो भाग वेगळा. पण हे संरक्षण नावाला आहे. चादरीची नक्षी पुढे लाल आणि मागे पांढरी कशी येते, हे ज्यांच्या हाताला ठाऊक आहे ती माणसं त्या प्रमाणपत्राच्या कक्षेत येत नाहीत. ती म्हातारी होतात, मुलाकडे पुण्याला येतात आणि सोसायटीच्या बाकावर बसून राहतात.

त्यातलेच एक आमच्या बिबवेवाडीत, अप्पर इंदिरानगरला राहतात. मी त्यांना मामा म्हणते. ते मला बाई म्हणतात, कारण मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. माझं सासर सोलापूरचं. बारसं असो, वास्तुशांत असो, आमच्याकडच्या आहेरात चादर ठरलेली. कपाटात चळत आहे. पण ती चादर विणली कशी जाते, हे इतक्या वर्षांत ना मी कुणाला विचारलं, ना घरात कुणाला माहीत होतं. निवृत्तीनंतर आठ शाफ्टचा, म्हणजे उभे धागे उचलणाऱ्या आठ चौकटींचा, एक छोटा टेबलावरचा माग घेतला आणि मामांना शिकवणी मागितली. पहिल्या दिवशी त्यांनी मागाकडे पाहिलंसुद्धा नाही. चादर मागवली आणि उलटी पसरली. ‘‘तोंड काय, कोणबी बघतंय. पाठ बघा बाई, समदं तिथं लिवलंय.’’

खरंच लिहिलेलं असतं. पुढे जिथे लाल ठसा, तिथे मागे तोच ठसा पांढरा. रंग नुसते जागा बदलतात. मामांनी मोर, वेलबुट्टी सगळं बाजूला ठेवलं आणि सर्वांत साधं रूप घेतलं. लाल-पांढऱ्या चौकोनांचा पट.

ते कसं चालतं हे जरा विस्ताराने सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, एक धागा लाल, एक पांढरा, पुन्हा लाल, पुन्हा पांढरा. लाल धाग्यांचं एक कापड आणि पांढऱ्यांचं दुसरं, अशी दोन कापडं एकावर एक, एकाच वेळी विणली जातात. साध्या विणीच्या एका कापडाला दोन शाफ्ट लागतात, दोन कापडांना चार. ‘लाल वर’ आणि ‘पांढरा वर’ असे दोन तऱ्हेचे चौकोन शेजारीशेजारी हवे असतील तर दोघांना स्वतंत्र चार-चार. म्हणजे आठ. विषम आकड्यांच्या शाफ्टवर लाल धागे, सम आकड्यांवर पांढरे. एक ते चार पहिल्या चौकोनाचे, पाच ते आठ दुसऱ्याचे.

आता बाणा, म्हणजे आडवा धागा. लाल धोटा टाकताना १, ५, ६, ८ वर उचलायचे. पांढऱ्याला १, २, ३, ६. पुन्हा लाल, ३, ६, ७, ८. पुन्हा पांढरा, १, ३, ४, ८. या चार ओळी फिरून फिरून येतात. चौकोन हवा तेवढा उंच झाला की रंगांची अदलाबदल करायची. पहिल्या गटाच्या आकड्यांत चार मिळवा, दुसऱ्या गटाच्या आकड्यांतून चार वजा करा. १, ५, ६, ८ चं होतं ५, १, २, ४. बस्स.

यात एक गंमत आहे. कुठलीही ओळ घ्या, वर चारच शाफ्ट असतात आणि खाली चारच. एका चौकोनातला एक वर असेल तर शेजारच्यातले तीन वर असलेच पाहिजेत, कारण इथे धोटा वरच्या कापडातून जातोय आणि तिथे त्याच फेरीत खालच्या. मामांनी हे असं कधी मांडलं नव्हतं. मी वहीत आकडे लिहून दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘‘म्हंजे मोजायचं न्हाई, निस्तं चार बघायचं.’’ आणि लगेच ती त्यांनी तपासणीची रीत करून टाकली. उचललेले चार नसतील तर धोटा टाकायचा नाही. वीण बरोबर आहे का, हे मात्र ते बोटांनी बघतात. चौकोनाच्या मध्यावर चिमूट घेतली की दोन पदर सुटे लागले पाहिजेत. कुठे चिकटलेले लागले, तर त्या ओळीत एखादा शाफ्ट भलताच उचललेला आहे.

सातवी-आठवीच्या मुलांना सम-विषम, गट, आवर्तन, सममिती हे सगळं मी फळ्यावर शिकवत आले. त्यातल्या निम्म्यांना ते कशासाठी आहे हे कळलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. या चार ओळी हातात दिल्या असत्या तर सममितीचा धडा मला घ्यावाच लागला नसता. आणि ज्यांना यंत्रांचं वेड आहे त्यांच्यासाठी पुढची वाट इथूनच जाते. दोन चौकोनांना आठ शाफ्ट, तर मोरपिसाच्या वळणाला किती? तिथे शाफ्ट पुरत नाहीत, प्रत्येक धागा सुटा उचलावा लागतो. म्हणून फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची युक्ती बसवली. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. सोलापूरच्या चादरींवर मोर नाचतात ते त्याच युक्तीवर, आणि आकडेमोडीच्या यंत्रांनी भोकांची कार्डं उचलली तीही तिथूनच.

हे शिकायला आपल्याकडे जागा कुठे आहे? हातमागाची ‘वर्कशॉपं’ पुण्यात भरतात, मी जाऊन आले आहे. ताणा आधीच लावून ठेवलेला असतो. आपण धोटा इकडून तिकडे टाकायचा, वीतभर पट्टी विणायची, फोटो काढायचा. विणकाम नेमकं जिथे असतं, म्हणजे ताणा मांडणं, फणीतून आणि शाफ्टच्या डोळ्यांतून एकेक धागा क्रमाने ओवणं, ते सगळं दाराआड कुणीतरी उरकून ठेवलेलं. शिकवणारा विणकर कोपऱ्यात उभा आणि इंग्रजीत बोलणारी आयोजक बाई पुढे. असल्या कार्यक्रमांनी हातमाग वाचतो असं मला वाटत नाही. प्रदर्शनात पैठणी घेऊन ‘कला जपली’ म्हणणाऱ्यांबद्दलही माझं हेच मत. घ्या जरूर, विणकराच्या हातात चार पैसे पडतात. पण नमुना वाचणारा माणूस त्यातून तयार होत नाही.

विणणारे कमी होत चालले आहेत, हे सरकारचेच आकडे सांगतात. २००९-१० च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे ४३ लाख विणकर आणि पूरक कामगार होते. २०१९-२० च्या गणनेत ते ३५ लाखांच्या आसपास आले. विणकरांमध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त बायका आहेत, हेही त्याच गणनेत आहे. ऑगस्टच्या सात तारखेला आपण २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन साजरा करतो. २०२० मध्ये, त्या दिवसाच्या थोडंच आधी, केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त करून टाकलं. राज्याच्या २०२३ च्या वस्त्रोद्योग धोरणात विणकरांना उत्सव भत्ता आहे. चांगलं आहे. पण भत्ता सणाला मिळतो, कामाला नाही.

मी मामांना विचारलं, मुलाला का नाही शिकवलंत? मुलगा मार्केट यार्डात हिशेब लिहितो. ते म्हणाले, ‘‘मीटरवर मजुरी हुती बाई. बायकू कांड्या भरायची, तिचा पैसा कुठं धरलाच न्हाई. पोराला कशाला त्यात घालू?’’ हा प्रश्न मला खोडता आलेला नाही. विणकराचं पोर मागावर बसत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी आपली पोरं आधी बसवावीत. मामांना आजवर मिळाली ती विणलेल्या कापडाची मजुरी. जे येतं ते शिकवण्याबद्दल त्यांना कुणी कधी पैसे दिले नाहीत. माझं सगळं गाऱ्हाणं या एका गोष्टीशी आहे.

शाळेत माग आणायची कल्पना नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं, झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम केला. त्यात एक अपेक्षा अशी होती की मुलांनी केलेल्या मालातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा. तिथे गाडं अडलं, असं मला वाटतं. शाळेचा कारखाना होत नसतो. पुढे उरली टकळी, आणि तिच्यामागून कार्यानुभवाचा तास. त्या तासाच्या वस्तू कोण करायचं हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. निम्म्या वस्तू आयांच्या हातच्या, उरलेल्या स्टेशनरीच्या दुकानातल्या, आणि गुण सगळ्यांना सारखे.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस ठेवले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन शिकायचं, असं त्यात म्हटलं आहे. कागदावर उत्तम. पण त्या दहा दिवसांत बस करून कुठेतरी न्यायचं, कारागिराबरोबर फोटो काढायचा आणि अहवाल वर पाठवायचा, असं होणार याची मला धास्ती आहे.

दहा दिवसांत कुणी विणकर होत नाही, असा आक्षेप येईल. मान्य. चित्रकलेच्या तासाने तरी कुणी चित्रकार झालं का? पण दोन चौकोनांचा पट दहा दिवसांत नक्की होतो. पहिले चार दिवस ताणा आणि ओवणी, एक दिवस चौकटीच्या कागदावर नमुना मांडायला, उरलेले विणायला. एका वर्गाला तीन-चार छोटे माग पुरतात, ते साधा सुतारही करून देतो. ती मुलं पुढे दुकानात गेली की चादर उलटून बघतील, आणि छापलेलं कापड हातमागाचं म्हणून त्यांच्या गळ्यात मारणं अवघड जाईल. शिवाय हे शिक्षण ठरावीक जातींच्या घरांत कोंडलेलं राहणार नाही. साळी, कोष्टी, पद्मशाली यांच्यापलीकडच्या मुलांनीही मागाला हात लावलेला असेल.

कारागिराला पगार द्यायची सवय सरकारला कधी नव्हतीच असंही नाही. पन्नासच्या दशकात विणकर सेवा केंद्रं सुरू झाली. तिथे चित्रकार आणि विणकर एका छपराखाली पगारावर बसत. आपले चित्रकार प्रभाकर बरवे बनारस आणि मुंबईच्या केंद्रांत अनेक वर्षं नोकरीला होते. तीच रीत शाळेपर्यंत आणायची आहे. विणकराला तासिका तत्त्वावर नेमा. या तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांचे हाल मला माहीत आहेत, म्हणून पुढचं लगेच सांगते: दर आधी लेखी ठरवा, आणि पैसे महिनाअखेर बँकेत जमा करा. पदवी मागू नका. शाल-श्रीफळ देऊन बोळवण तर मुळीच करू नका.

बिबवेवाडी, अप्पर, मार्केट यार्ड या पट्ट्यातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. तुमच्या शाळेच्या आसपास असा एखादा विणकर, एखादी कांड्या भरणारी आजी नक्की असेल. पालकसभेत विचारा. यंदाच्या दहा दिवसांसाठी माझा माग मी न्यायला देते, आठ शाफ्टची ओवणीही मी आणि मामा येऊन मुलांकडून करून घेऊ. मामांचे पैसे मात्र शाळेने द्यायचे.