पावसाआधी टाकीची जाडी मोजा

राजकोटावरचा शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला आणि मालवणात जो तो नट-बोल्टच्या गंजाबद्दल बोलू लागला. त्याच खाऱ्या वाऱ्यात आपल्या किनाऱ्यावर पाण्याच्या, डिझेलच्या पोलादी टाक्या उभ्या आहेत. त्यांच्या पत्र्याची जाडी शेवटची कधी मोजली, असे विचारले की सगळे गप्प. नोकरीभर मी तेलाच्या टाक्यांचे वेल्डिंग तपासले, म्हणून हे लिहितो आहे.

भीती सगळ्यांना भरलेल्या टाकीची वाटते. मे महिन्यात एका बागायतदाराला म्हटले, टाकी निम्मी तरी भरून ठेवा. तो म्हणाला, ‘‘रिकामीच आसा, तिका काय होतला?’’

वाऱ्याला बळी पडते ती रिकामीच टाकी. भरलेल्या टाकीत द्रव पत्र्याला बाहेर रेटतो आणि तो ताण पोलाद चांगला सोसते. रिकाम्या टाकीला आतून आधार नसतो. बाहेरचा दाब वाढला की पातळ पत्रा न फाटताच एकदम आत पिचकतो. हेच बकलिंग. ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरच्या बाजूवर दर चौरस मीटरला सुमारे 47 किलोंचा भार टाकतो.

आणि इथे गंजाचा हिशेब फार क्रूर आहे. बाहेरच्या दाबापुढची ताकद जाडीच्या अडीचाव्या घाताने बदलते. 6 मिलिमीटरचा पत्रा सगळीकडे झिजून 5 झाला, तर पोलाद एक षष्ठांश गेले, पण ताकद एक तृतीयांशाहून जास्त गेली. 3 वर आला, तर पाचवा हिस्साही उरत नाही. शिवाय पोचे. पातळ कवचाच्या आकारातली बारीकशी खोटही ताकद किती खाते, हे वॉर्नर कोइटर यांनी 1945 सालीच डेल्फ्टच्या प्रबंधात मांडले आहे.

वारा नसतानाही टाकी जाते. एका डेपोत रंगकामासाठी व्हेंटवर बांधलेले प्लास्टिक तसेच राहिले. पंपाने तेल खेचले, आत हवा शिरेना आणि छप्पर खाली बसले. वर माणूस नव्हता, हे नशीब.

1 जूनला मासेमारीबंदी लागते, डिझेलचा खप थांबतो. म्हणजे ऐन वाऱ्याच्या दिवसांत टाक्या रिकाम्या राहतात. मच्छीमार संस्था, नगरपरिषद आणि बागायतदारांना माझी कळकळीची विनंती आहे: मे संपण्यापूर्वी अल्ट्रासोनिक गेजने पत्रा मोजून घ्या, आकडा तारखेसह टाकीवर रंगवा, व्हेंट उघडे आहेत ना ते पाहा आणि पावसाळ्यात टाकी निदान निम्मी भरलेली ठेवा.