छतावरून उतरवलेले कंदील

१९३५ मध्ये एगॉन न्यूस्टाट या दंतवैद्याने न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेजमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून टिफनीचा टेबलावरचा दिवा साडेबारा डॉलरला घेतला. रंगीत काचेच्या त्या दिव्यांना तेव्हा कुणी विचारत नव्हते. २०१८ मध्ये टिफनीच्याच ‘पाँड लिली’ दिव्यासाठी लिलावात ३३ लाख डॉलरहून अधिक मोजले गेले.

न्यूस्टाटसारख्या संग्राहकांमुळे हे दिवे भंगारात जाण्यापासून वाचले, यात शंका नाही. पण टेबलावरचा दिवा एका घरातून दुसऱ्या घरात नेता येतो. छताला टांगलेल्या दिव्याचे तसे नसते, आणि संग्राहकांची हौस नेमकी तिथेच घात करते.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरातले ब्लॅकर हाउस पाहा. चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या वास्तुविशारद बंधूंनी १९०७ मध्ये त्याचा आराखडा केला. दिवेही त्यांनी याच घरासाठी रेखाटले. दिवाणखान्यातले कंदील महोगनीच्या चौकटीचे, शिशाने जोडलेल्या रंगीत काचेचे, चामडी पट्ट्यांनी टांगलेले. भिंतीच्या वरच्या पट्टीवर सोनेरी वर्खात कमळे उठवलेली. तीच काचेतही उमललेली. उजेड पडला की काच आणि भिंत एकाच तळ्यातली वाटावी, अशी ती योजना.

१९८५ मध्ये टेक्ससमधल्या एका पशुपालकाने हे घर सुमारे १२ लाख डॉलरला घेतले आणि लगेच दिवे उतरवून विकायला काढले. शहर खवळले. ग्रीन बंधूंच्या घरांतल्या वस्तू अशा काढता येऊ नयेत म्हणून पॅसाडेनाने तातडीने नियम केला, पण तोवर कंदील गेले होते. १९९४ मध्ये आलेल्या मालकांनी घर सावरले. जेम्स इपेकजियन या कारागिराकडून हुबेहूब प्रतिकृती घडवून घेतल्या. मेहनत अस्सल, तरी दिवे दुसरेच!

ग्रीन बंधूंनीच आखलेल्या, जवळच्याच गॅम्बल हाउसमध्ये मूळ दिवे आजही जागेवर आहेत, कारण गॅम्बल कुटुंबाने १९६६ मध्ये घर सामानासकट सार्वजनिक केले. दोन्ही घरे पाहणाऱ्याला नुकसान मोजून दाखवावे लागत नाही.

संतापजनक भाग असा, की बाजारात ‘ब्लॅकर हाउसमधला’ ही ओळखच त्या कंदिलांचा भाव चढवते. ज्या घराचे नाव विकून पैसे होतात, ते घर उभे असताना तिथला दिवा परत देणे हाच खऱ्या रसिकाचा व्यवहार ठरेल. निदान संग्रहालयांनी तरी पुढाकार घ्यावा.