आमचा विषय ठरवणारे तुम्ही कोण?

विद्यापीठातल्या थिसिसच्या कपाटापुढं उभं राहा नि पाठीवरची नावं वाचा. 'अमुक तालुक्यातील दलितांच्या सामाजिक-आर्थिक समस्या : एक अभ्यास.' तालुका बदलतो, बाकी मढं तेच. आणि लिहिणारं पोरगं बहुतेक वेळा आपलंच.

गाइड म्हणतो, तुमची माणसं, तुम्हाला माहिती सहज मिळेल. म्हणजे आपल्याच आयाबहिणींपुढं प्रश्नावली घेऊन बसायचं. घर कच्चं की पक्कं? नळ आहे काय? नवरा पितो काय? त्यांच्या पोरांनी राज्यशास्त्र, सौंदर्यशास्त्र, अख्खं विश्व अभ्यासायचं नि आम्ही आमची झोपडपट्टी मोजायची! सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहितीचे हमाल शूद्र, ही वाटणी गोपाळ गुरूंनी २००२ सालीच उघडी पाडली. तरी पोरं निमूट सही करतात, कारण फेलोशिप लटकलेली असते नि गाइडची सही हवी असते.

'दलितांच्या समस्या' हे शब्दच बघा ना. पाणवठा अडवला त्यानं, समस्या आमची! अडवणारा साला अख्ख्या प्रश्नावलीत कुठंच नाही.

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझरांचा सेमिनार. बाबासाहेब पंचवीस वर्षांचे. अस्पृश्यांची दुःखं सांगून गोऱ्यांचे डोळे ओले करता आले असते. त्यांनी विचारलं, जात टिकते कशी? लग्न जातीतच करायचं, तर नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचं आणि बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषाचं करायचं काय? या एका प्रश्नानं सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिघांना एकाच दाव्याला बांधून उभं केलं. पुढं प्रबंधासाठी त्यांनी काय घेतलं? प्रांतांची वित्तव्यवस्था आणि रुपया. महाराच्या पोरानं थेट साम्राज्याची तिजोरी तपासायला घेतली.

म्हणून आपल्या वस्तीवर लिहूच नका, असं नव्हे. लिहा, पण प्रश्नाचं तोंड फिरवा. महार वतन घ्या. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं गेली. कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्याला जमीन परत मिळायची, पण कलेक्टरच्या मंजुरीशिवाय ती विकायला बंदी. आता 'वतनदारांची स्थिती' हा काही प्रश्न नव्हे. प्रश्न असा : माझ्या तालुक्यातल्या पाच गावांत त्या जमिनी आज सातबाऱ्यावर कुणाच्या नावावर आहेत? रक्कम भरायला किती जणांना जमलं? विक्री कधी झाली, मंजुरी कुणी दिली? दिलीच नसेल, तर फेरफार कुणी मंजूर केला? बघा, आता जाब आपल्या आजीला द्यायचा नाही. तो वाड्याला नि कचेरीला द्यायचा आहे. आणि याचं उत्तर सापडतं, कारण फेरफाराची नोंदवही असते. मधल्या काळात अटी बदलल्या, ते शासन निर्णय तारखेनिशी जमवा. कचेरीत 'रेकॉर्ड सापडत नाही' म्हणाले, तर तेही लिहून घ्या. तोसुद्धा पुरावाच.

गटारात माणूस मरतो तिथंही हेच. २०१३ चा कायदा असताना 'सफाई कामगारांची मानसिकता' कशाला तपासता? टेंडर काढा, कंत्राटदार काढा, गुन्हा कुठल्या कलमाखाली नोंदला ते काढा.

मग व्हायवाला विचारतील, तुम्ही तटस्थ आहात काय? वेदांवर प्रबंध लिहिणाऱ्या भटजीच्या नातवाला हे कधी कुणी विचारलंय?

पण दोस्तांनो, आपल्यातही एक खोड आहे. उत्तर आधी ठरवायचं नि प्रश्न मागून चिकटवायचा. तो मोर्चाचा फलक झाला, संशोधन नव्हे. वतनाच्या विक्रीत आपलाच एखादा पुढारी दलाल निघाला, तर त्याचंही नाव छापावं लागेल. ती तयारी नसेल तर या विषयाला हातच लावू नका.

सिनॉप्सिस भरायच्या आधी २००५ च्या माहिती अधिकाराखाली एक अर्ज टाकून बघा. दहा रुपये लागतात. मजकूर दीडशे शब्दांत, एकाच विषयावर. तुमचा प्रश्न त्यात मावत नसेल तर घरी या नि पुन्हा लिहा.