तंबाखू सुटली, आता सुपारीही सोडा

रमजानात दिवसभर तोंड रिकामे ठेवण्याची सवय लागते. त्या सवयीच्या जोरावर बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळी करणारे आपले काही भाऊ गुटखा कायमचा सोडतात. अल्हम्दुलिल्लाह! पण ईदनंतर खिशात साध्या सुपारीची पुडी येते. ‘यात तंबाखू कुठे आहे?’ असे म्हटले जाते.

फसगत इथेच होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. तोंड आखडण्याचा आजार तर मुख्यतः सुपारीमुळेच होतो. आधी तिखटाने आग होते, मग गाल आतून ताठ होतात, शेवटी घास घ्यायलाही तोंड उघडत नाही. आखडलेले तोंड आपोआप पूर्ववत होत नाही, म्हणून वेळीच दाखवावे.

आम्ही एक सोपा उपाय सुचवतो. आठवड्यातून एकदा वुजूची कुल्ली झाली की आरशासमोर उभे राहा. आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जातात का, ते पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गिळताना त्रास, बसलेला आवाज किंवा मानेत गाठ असेल तर डॉक्टरांना दाखवा. मिश्री लावणाऱ्या अम्मी-नानींनीही हे करावे. मिश्री म्हणजे तंबाखूच.

तलफ आवरत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर सल्ला मिळतो. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ती अर्धवट सांभाळून चालत नाही.