दायमाबादचे मणी

सूर्यासाठी माणिक, चंद्रासाठी मोती, शनीसाठी नीलम हा हिशेब सराफी पेढीवर येणाऱ्या श्रीरामपूरच्या गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतो. मात्र याच तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची माणसे अकीकाचे मणी अंगावर मिरवीत होती, हे त्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

दायमाबाद म्हटले की १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना सापडलेला कांस्यरथ आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. मण्यांकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सिलिकेचे थर साचून अकीक बनतो. तापविल्यावर त्यातील लोहामुळे तो तांबडा होतो. असा कठीण दगड फोडणे, घासणे आणि त्यात बारीक वेज पाडणे हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभ्यासाचे काम! सिंधुसंस्कृतीच्या कारागिरांचे तांबडे मणी मेसोपोटेमियात ऊरच्या राजसमाधींपर्यंत पोहोचले होते. शेजारच्या नेवाशात तर दफन केलेल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आणि तिचा दोराही मिळाला. दागिना म्हणजे केवळ श्रीमंतीचा देखावा, असे म्हणणाऱ्यांनी त्या माळेचा विचार करावा.

रत्ने शुभाशुभ फळ देतात ही श्रद्धा जुनीच आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त ती नोंदविली, पण सदोष रत्न अनिष्ट म्हणून ते आधी पारखून घ्यावे, हेही त्याने बजावले. हिरा, मोती, माणिक, पाचू यांची लक्षणे त्याने सविस्तर दिली आहेत. आज भेगांत काच भरलेले माणिक ग्रहशांतीच्या नावाने विकले जाते आणि गिऱ्हाईक प्रयोगशाळेचा दाखलाही मागत नाही! ग्रहाचे नाव घेताच परीक्षा सोडून देणे ही परंपरा नव्हे.

दायमाबादचे कांस्य पाहावयास श्रीरामपूरकराला मुंबई-दिल्ली गाठावी लागते. निदान मण्यांच्या प्रतिकृती आणि छायाचित्रे तालुक्यातील शाळांत मांडणे फार खर्चाचे नाही. शेतात एखादा मणी सापडल्यास तो खिशात न टाकता तहसील कचेरीत कळवावा, हेही मुलांना तेथेच सांगता येईल. तो रथ उत्खननात, थरासह मिळाला नाही. म्हणून त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत आजही वाद आहे.