दोन संगणकांची सोयरीक

भ्रमणध्वनीवरून धाडलेले छायाचित्र आज कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर क्षणात उमटते. त्यामुळे दोन संगणक एकमेकांस जोडणे ही एके काळी मोठी विद्या होती, हे घरातील मुलांस सांगूनही पटत नाही. १९८० च्या सुमारास संगणकांच्या जगात संस्थानी अंमल होता. होळकरांचे नाणे निराळे, शिंद्यांचे निराळे, गायकवाडांचे आणखी निराळे, तसाच प्रकार!

एक दार मात्र बहुतेकांच्या पाठीला असे. ते सीरियल पोर्ट. अमेरिकेत १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२ या मानकानुसार अक्षराचे बिट एकाच तारेवरून, दिंडीप्रमाणे एकामागून एक जात. टर्मिनलाने दुसऱ्या क्रमांकाच्या पिनेवर बोलावे, तिसऱ्या पिनेवर ऐकावे. मोडेमने उलट करावे. दोन संगणक थेट जोडले की दोघेही दुसऱ्या पिनेवर बोलत आणि तिसऱ्यावर कान लावून बसत. कोणालाच काही ऐकू येत नसे. तारेत दोन आणि तीन यांची अदलाबदल केली की हा अडसर दूर होई.

खरी अडचण पुढेच होती. बहुतेक यंत्रे इंग्रजी मोठ्या 'ए'ला आस्की संकेतानुसार ६५ म्हणत. आयबीएमची मोठी यंत्रे एबसिडिक संकेतानुसार त्यालाच १९३ म्हणत. शिवाय रीतिरिवाज वेगळे. साधे टर्मिनल कळ दाबताच अक्षर पाठवी. आयबीएमचे १९७१ चे ३२७० टर्मिनल पडद्यावरील मजकूर पुरा होईपर्यंत थांबे आणि मग एकदम पाठवी. या दोघांमध्ये बसणारी दुभाषी पेटी म्हणजे प्रोटोकॉल कन्व्हर्टर. साध्या टर्मिनलाचे बोलणे ती आयबीएमला ३२७० च्या थाटात ऐकवी.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली हाच पेच होता. डेक आणि आयबीएम या दोन्ही घराण्यांची मोठी यंत्रे तेथे होती, पण त्यांवर विद्यार्थ्यांच्या लेखनास जागा अपुरी. ते लेखन छोट्या संगणकांच्या फ्लॉपीवर उतरवून घ्यावयाचे होते. फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी त्यासाठी पेटीऐवजी एक शिष्टाचारच रचला आणि त्याला बाहुल्यांच्या कार्यक्रमातील बेडकाचे नाव दिले, कर्मिट. (विद्वानांना विनोदाचे वावडे असते, हा समज आम्हांस कधीच पटला नाही.)

कर्मिटची आम्हांस आवडणारी गोष्ट ही की तो तारेवर विश्वास ठेवीत नाही. मजकुराची शंभराहून कमी अक्षरांची पुडकी बांधावयाची, प्रत्येकावर अनुक्रमांक आणि बेरीज लिहावयाची. बेरीज जुळली नाही तर पुडके पुन्हा मागवावयाचे. काही गुप्त संकेत वाटेतील यंत्रे आपल्यालाच दिलेली आज्ञा समजून गिळून टाकीत. म्हणून ते साध्या छापील अक्षरांच्या वेषात पाठवावयाचे. विद्यापीठाने ही रचना सर्वांस खुली ठेवली आणि ठिकठिकाणच्या लोकांनी ती आपापल्या यंत्रांसाठी लिहून काढली. कोलंबियातील हा प्रकल्प २०११ साली बंद झाला.

आपल्या लिपीशीही याचा संबंध आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली मानक ठरलेल्या इस्की संकेतात देवनागरी अक्षरे १२८ च्या पुढे बसविली आहेत. क १७९, ख १८०, ग १८१. अशा अंकांस आठ बिट लागतात, आणि कित्येक जुन्या तारा सातच बिट नेत. आठवा गळला की १७९ चे ५१ होतात, आणि ५१ म्हणजे आस्कीतील तीनचा आकडा. क, ख, ग पाठवावे आणि पलीकडे ३, ४, ५ उमटावे, म्हणजे मुळाक्षरांची अक्षरशः अंकलिपी! कर्मिटमध्ये यासाठीही तजवीज होती. आठवा बिट उतरवून त्या अक्षरापूर्वी एक खूण ठेवावयाची. पलीकडचा कर्मिट ती खूण पाहून बिट परत चढवी. सात बिटांच्या तारेवरूनही क हा क म्हणूनच पोहोचे.